मुंबई उत्तर-पश्चिम, २०२४ : बाद झालेली १११ टपाली मतं

४ जून २०२४ ला गोरेगावच्या नेस्को केंद्रात मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी झाली. मतदान यंत्रांतल्या मतांची बेरीज होती उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ४,५१,०९४. दोघांची मिळून नऊ लाखांवर मतं आणि फरक एका मताचा. त्यात टपाली मतं मिळवल्यावर निकाल फिरला. टपालाने वायकरांना १,५५० मतं पडली होती, कीर्तिकरांना १,५०१. अंतिम आकडे झाले ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या लोकसभा निवडणुकीत देशभरात एवढ्या कमी फरकाने दुसरी कुठलीच जागा लागली नाही.

या निकालावर तेव्हा पुष्कळ लिहून आलं, बहुतेक सगळं पक्षांच्या बाजूने किंवा विरोधात. मला त्यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. या मतदारसंघात १११ टपाली मतं बाद ठरली. विजयाच्या फरकाच्या दुपटीहून जास्त. हे लोक मतदानाच्या दिवशी घरी झोपलेले नव्हते. त्यांनी वेळेत अर्ज केले, मतपत्रिका मिळवल्या, पाकिटं बंद करून दिली. यंत्रावर बटण दाबणाऱ्या माणसाचं मत बाद होण्याचा प्रश्नच येत नाही. टपालाने मत देणाऱ्याचं होऊ शकतं, आणि ते झाल्याचं त्याला कुणी कळवतही नाही. म्हणून हे प्रकरण पाकिटाच्या बाजूने नीट समजून घेण्यासारखं आहे.

टपालाने मत कोण देऊ शकतं

आपल्याकडे टपाली मतदान सरसकट सगळ्यांना नाही. नोकरी पुण्यात आणि नाव साताऱ्याच्या यादीत आहे, म्हणून टपालाने मत पाठवतो, हे कायद्यात बसत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६१ चे निवडणूक संचालन नियम यांनी ठरवून दिलेल्या गटांनाच ही सोय आहे.

मुंबईसारख्या शहरात यातला मोठा गट निवडणुकीच्या कामावरच्या लोकांचा असतो. शिक्षक, महापालिकेचे आणि सरकारी कर्मचारी, पोलीस. ज्याची ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात लागते, त्याला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे ईडीसी मिळतं. ते दाखवून तो ड्युटीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देतो. ज्याची ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात, त्याने नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागायची. समजा शिक्षिका राहते गोरेगावला आणि ड्युटी लागली ठाण्यात, तर तिला हाच मार्ग. हा अर्ज बहुतेक वेळा प्रशिक्षणाच्या वेळीच भरून घेतात. त्यावर यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहावा लागतो, आणि तो नेमका त्याच दिवशी कुणाजवळ नसतो. प्रशिक्षणाचा आदेश हातात पडला की आधी मतदार यादीतलं स्वतःचं नाव शोधून दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावेत.

पूर्वी हे कर्मचारी मतपत्रिका घरी नेऊन नंतर टपालाने किंवा पेटीत टाकून परत करू शकत. त्यावरून तक्रारी होत्या. घरी नेलेल्या पत्रिकेवर दुसऱ्या कुणाचा दबाव आला तर ते कळायला मार्ग नव्हता. २०२३ च्या नियमदुरुस्तीनंतर ते बंद झालं. आता पत्रिका घ्यायची, खूण करायची आणि परत द्यायची ती सुविधा केंद्रावरच, म्हणजे या कर्मचाऱ्यांच्या टपाली मतांसाठी उघडलेल्या केंद्रावरच. वेगवेगळ्या मतदारसंघांची बंद पाकिटं मग एकत्र करून ज्याची त्याला पोहोचवली जातात. हा बदल मला मनापासून पटतो. त्याने दबावाला आळा बसला, आणि मतदाराच्या सहीला दुजोरा देणारा, म्हणजे साक्षांकन करणारा अधिकारी समोरच बसलेला असल्याने मतपत्रिकेसोबतचं ओळखीचं घोषणापत्र अर्धवट राहण्याची शक्यताही बरीच घटली.

दुसरा गट घरून मत देणाऱ्यांचा. ८० वर्षांवरच्या नागरिकांना ही सोय २०१९ मध्ये झाली आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्चच्या सुरुवातीला, वयाची अट ८५ वर नेली गेली. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांनाही ती आहे. यासाठी नमुना १२-ड भरायचा, तोही निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. इथेच बहुतेक घरं चुकतात. मुंबईचं मतदान २० मे ला होतं, पण त्या टप्प्याची अधिसूचना २६ एप्रिललाच निघाली होती. मतदानाच्या आदल्या आठवड्यात ज्यांना आजीची आठवण झाली, त्यांच्यासाठी ही मुदत कधीच उलटून गेली होती. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, हा फॉर्म घरी आणून देतात. ते आले नाहीत तर आपणच त्यांना गाठावं.

अर्ज मंजूर झाला की मतदान अधिकाऱ्यांचं पथक कळवून घरी येतं. सोबत चित्रीकरण करणारा असतो, उमेदवारांनाही वेळापत्रक दिलेलं असतं. घरात आडोसा करून मतदार खूण करतो, पाकीट पथकच घेऊन जातं. पहिल्या वेळी मतदार भेटला नाही तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही. आणि एक गोष्ट घरातल्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. १२-ड मंजूर झालेल्या मतदाराच्या नावापुढे यादीत टपाली मतपत्रिकेची खूण होते. मग त्याला मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ‘आजोबांना त्या दिवशी बरं वाटलं तर गाडीतून नेऊ’ असा बेत असेल, तर फॉर्म भरायचाच नाही.

निवडणूक आयोग ज्या अत्यावश्यक सेवा अधिसूचित करतो, त्यांतले ड्युटीवरचे लोकही १२-ड भरून ठरवून दिलेल्या तीन दिवसांत टपाली मतदान केंद्रावर मत देतात. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांनाही टपाली मताचा हक्क आहे. खटला चालू असलेल्या किंवा शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला तो नाही.

सैनिकांचं वेगळं आहे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला जवान सीमेवर असतो. त्याची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि टपालाने परत येते. २०१६ च्या नियमदुरुस्तीनंतर ही इटीपीबीएस प्रणाली आली. तो पासवर्ड टाकून मतपत्रिका आणि घोषणापत्र उतरवून घेतो, छापतो, खूण करतो, पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवतो. पूर्वी दोन्ही बाजूंचा प्रवास टपालाने व्हायचा. आता जाण्याचा वेळ वाचला, येण्याचा तेवढाच राहिला.

पाकिटात काय असतं

मतदाराच्या हातात मतपत्रिका येते आणि तिच्यासोबत चार कागद-पाकिटं. नमुना १३-अ म्हणजे घोषणापत्र. १३-ब म्हणजे लहान पाकीट, ज्याला ‘पाकीट अ’ म्हणतात. १३-क म्हणजे मोठं पाकीट, ‘पाकीट ब’. आणि १३-ड म्हणजे सूचनापत्र, जे वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

घोषणापत्रात मतदार लिहून देतो की अमुक अनुक्रमांकाची टपाली मतपत्रिका ज्याला दिली तो मतदार मीच. त्याखाली सही, पत्ता, तारीख. त्याच्याही खाली साक्षांकन. अधिकारी लिहून देतो की ही सही माझ्यासमोर झाली आणि या मतदाराला मी ओळखतो, किंवा मला माहीत असलेल्या अमुक व्यक्तीने त्याची ओळख पटवली. मग अधिकाऱ्याची सही, हुद्दा, तारीख. निवडणूक कर्मचाऱ्यासाठी हा अधिकारी राजपत्रित किंवा त्याच्या केंद्राचा केंद्राध्यक्ष, जवानासाठी त्याच्या दलातला नेमलेला अधिकारी, स्थानबद्धासाठी तुरुंगाचा अधीक्षक.

मतपत्रिकेवर खूण कशी करायची याची लोकांना फार धास्ती असते. खरं तर ते सोपं आहे. बरोबरची खूण केली काय, फुली मारली काय, उमेदवाराच्या नावासमोर स्पष्ट दिसली की झालं. खूण जरा पुसट आहे किंवा एकाच नावासमोर दोनदा झाली एवढ्यावरून पत्रिका बाद होत नाही, कल कुणाकडे आहे ते स्पष्ट असलं की पुरे. पत्रिकेवर सही, नाव, अंगठा मात्र अजिबात नको. ओळख पटेल असं काहीही त्या कागदावर दिसलं की मत बाद. सरकारी कागदावर सही ठोकायची आपली सवय इथे नडते.

आता घालायचा क्रम. मतपत्रिका पाकीट अ मध्ये, पाकीट अ चिकटवायचं. घोषणापत्र पाकीट अ च्या बाहेर. मग पाकीट अ आणि घोषणापत्र, दोन्ही पाकीट ब मध्ये. घोषणापत्र मतपत्रिकेसोबत आतल्या पाकिटात गेलं की मत जवळपास गेलंच म्हणून समजा. का, ते मोजणीच्या टेबलावर कळतं.

टेबलावर

मोजणी सकाळी आठला सुरू होते, टपाली मतांपासून. आठच्या ठोक्यानंतर आलेलं पाकीट उघडत नाहीत. त्यावर तशी नोंद करून ते बाजूला सीलबंद ठेवतात. पाकीट टपालात कधी टाकलं, शिक्का कोणत्या तारखेचा, हे इथे कुणी बघत नाही. पोहोचलं कधी, एवढंच.

एका टेबलावर जास्तीत जास्त ५०० टपाली पाकिटं, प्रत्येक टेबलाला एक सहायक निवडणूक निर्णय अधिकारी, समोर उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी. पाकीट ब फोडतात. त्यातून दोन गोष्टी निघायला हव्यात, घोषणापत्र आणि बंद पाकीट अ. अधिकारी पाकीट अ ला हात लावत नाही. आधी घोषणापत्र हातात घेतो. मतदाराची सही आहे का? साक्षांकन आहे का? त्यात लिहिलेला अनुक्रमांक आणि पाकीट अ वर लिहिलेला अनुक्रमांक एकच आहे का? यातलं एकही चुकलं तर पाकीट अ उघडायचं नाही. ते तसंच, घोषणापत्रासह, पुन्हा पाकीट ब मध्ये घालून बाद म्हणून ठेवायचं. घोषणापत्र पाकिटात सापडलंच नाही तरी तेच. ते आतल्या पाकिटात मतपत्रिकेला चिकटून पडलेलं असेल, पण ते बघायला आतलं पाकीट उघडावं लागतं, आणि तेच उघडायला मनाई आहे.

या चाळणीतून उतरलेली सगळी पाकीटं अ एकत्र होतात, घोषणापत्रं वेगळी बांधून ठेवली जातात, आणि मगच आतली पाकिटं उघडतात. कुणाचं मत कुणाला, हे जोडता येऊ नये म्हणून ही रचना आहे, आणि ती चांगली आहे. दुसऱ्या चाळणीत मग खूणच नसलेली, दोघांना खूण केलेली, कुणाला ते ठरवता न येणारी, ओळख उघड करणारी, ओळखू न येण्याइतकी फाटलेली पत्रिका बाद होते.

दोन्ही चाळण्यांत फरक मोठा आहे. दुसरीत मतदाराने मत देताना चूक केलेली असते. पहिलीत मत कदाचित अगदी निर्दोष असतं, पण ते कुणी बघतच नाही.

काही ठिकाणी आयोगाने सैलपणा दिला आहे आणि तो मोजणी प्रतिनिधींना माहीत असायला हवा. पाकीट ब वर पाठवणाऱ्याच्या सहीची जागा असते. ती रिकामी राहिली, पण घोषणापत्रावरून ओळख पटत असेल, तर तेवढ्यावरून मत बाद करता येत नाही. साक्षांकनाबाबत २०२४ मध्येच आंध्र प्रदेशात मोठा वाद झाला. सुविधा केंद्रावर दिलेल्या मतांच्या घोषणापत्रावर अधिकाऱ्याची नुसती सही असली, नाव, हुद्दा, शिक्का नसला, तरी ते धरावं असं तिथे ठरलं. वायएसआर काँग्रेस पक्षाने त्याला आव्हान दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकालाच्या आदल्या दिवशी, ३ जूनला, न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. अधिकारी सरकारने बसवलेला, चूक त्याची, आणि मत मतदाराचं जाणार, हे कुणालाही पटू नये. तो सैलपणा मला योग्य वाटतो.

फरक ४८, बाद १११

नेस्को केंद्रात जे घडलं त्यासाठी आयोगाचा एक नियम आधीपासून आहे. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी सगळी बाद टपाली मतं पुन्हा तपासायची. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने, निरीक्षकाच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह. १११ आणि ४८, त्यामुळे इथे तो लागू होताच. बाद मतांची फेरपडताळणी झाली आणि त्यानंतर वायकर विजयी घोषित झाले.

कीर्तिकरांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. तिचा मुख्य भर टपालावर नव्हता, प्रदत्त मतांवर होता. मतदार केंद्रावर पोहोचतो तर त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असतं, तेव्हा त्याला कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, ते प्रदत्त मत. अशी ३३३ मतं असल्याचा मुद्दा होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली.

टपाली मतांपुरतं गणित करून पाहू. समजा १११ च्या १११ वैध ठरली असती आणि सगळी या दोघांतच वाटली गेली असती, तर निकाल फिरायला कीर्तिकरांना त्यातली किमान ८० हवी होती. वैध टपाली मतांचा कल तर थोडा वायकरांकडेच होता. तेव्हा ‘टपाली मतं बाद केली म्हणून निकाल फिरला’ असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि मी ते म्हणत नाही. पण ‘काही फरक पडला नसता’ हेही म्हणता येत नाही. पहिल्या चाळणीत अडकलेली पाकिटं न उघडताच राहतात. दोघांच्या मिळून ३,०५१ वैध टपाली मतांमागे १११ बाद, म्हणजे शंभरात तीन-चार. एरवी हे कुणाच्या नजरेलाही आलं नसतं.

केरळात पेरिन्थलमण्णा मतदारसंघात २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत फरक ३८ मतांचा होता आणि वाद ३४८ बाद टपाली मतांचा. त्यांत घरून मत दिलेल्या ज्येष्ठांची मतं होती. अनुक्रमांक नसणं, सही नसणं असल्या कारणांवर ती बाजूला पडली होती. उच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला तो २०२४ मध्ये, म्हणजे त्या विधानसभेची तीन वर्षं सरल्यावर. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने, घरी आलेल्या सरकारी पथकासमोर मत द्यायचं, आणि कागदावर क्रमांक राहिला म्हणून ते मोजलं जाऊ नये, याचा मला राग येतो. तिथे कागद तपासणं हे पथकाचं काम आहे. तरी घरातल्या कुणीतरी, मतदार आडोशामागे खूण करून आला की, पाकीट बंद होण्याआधी घोषणापत्रावरचा क्रमांक आणि लहान पाकिटावरचा क्रमांक जुळतो का, एवढं पाहून घ्यावं. त्याला कुणी मनाई करत नाही आणि त्याने गुप्तता मोडत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांचे प्रश्न यात नेहमी येतात, म्हणून थोडक्यात. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी मतदार २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः केंद्रावर यावं लागतं. टपालाची सोय त्याला नाही. परदेशातल्या वकिलातींत नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला मात्र ती आहे. आणि जे अमेरिकेचे नागरिक झाले, त्यांच्यासाठी तिथल्या प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. पेनसिल्व्हेनियात तर आतलं गोपनीयतेचं पाकीट न वापरता पत्रिका थेट बाहेरच्या पाकिटात घातली तर ती मोजत नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसा निर्णय दिला.

मोजणीच्या क्रमात आयोगाने नंतर एक सुधारणा केली. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशानुसार टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. यंत्रांचा आकडा आधी बाहेर आणि टपालाचा मागाहून, यातून जो संशय पिकतो, तो याने कमी होईल.

अजून एक सुधारणा व्हायला हवी. नमुना २०, म्हणजे अंतिम निकालपत्रक, त्यात बाद मतांचा रकाना एकच असतो, टपाली मतांच्या ओळीतही. घोषणापत्र नव्हतं म्हणून किती, साक्षांकन नव्हतं म्हणून किती, क्रमांक जुळला नाही म्हणून किती आणि पत्रिकेवरच्या खुणेमुळे किती, हे चार आकडे टेबलावर त्या दिवशी तयारच असतात, कारण प्रत्येक बाद पाकिटावर कारण लिहावं लागतं. ते निकालपत्रकासोबत छापले तर पुढच्या प्रशिक्षणात काय शिकवायचं ते जिल्हा निवडणूक कार्यालयाला कळेल. साक्षांकन नसलेली पाकिटं एखाद्याच सुविधा केंद्राची असतील, तर तिथे कोण अधिकारी बसला होता तेही विचारता येईल.